वजा केलेला श्वास

रोज सकाळी आठ वाजता चेलना संगई एका पिशवीत फुंकर घालायची आणि मगच राज्यातली माणसं आजारी पडायला मोकळी व्हायची. हे मी गमतीने म्हणायचे. असं अभद्र बोलू नये, असं चेलना डोळे मोठे करून सांगायची आणि पिशवीचं तोंड घट्ट बंद करून ती माझ्या हातात द्यायची. पण गंमत सोडली तर ते खरंच होतं. तिचा श्वास आमच्या मोठ्या यंत्रात गेल्याशिवाय राज्यातलं एकही लहान यंत्र सुरू होत नसे.

आम्ही दोघी पाच वर्षांच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, ॲनॅलिटिकल केमिस्ट्रीला. मी रेवती तायडे, दर्यापूरची, बोलायला फटकळ. ती कारंज्याची, जैन घरातली, आणि इतकं हळू बोलणारी की तोंडी परीक्षेत परीक्षक तिला प्रत्येक उत्तर पुन्हा सांगायला लावायचे. वसतिगृहात आमची खोली एक. 'इन्स्ट्रुमेंटल मेथड्स' हा मुख्य पेपर, आणि त्याचं प्रॅक्टिकल तळमजल्यावर, मोठ्या यंत्राच्या खोलीत.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला फुंकणी म्हणायला सुरुवात केली, चुलीच्या फुंकणीवरून, आणि मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात एक लहान फुंकणी, आणि त्या सगळ्यांना ताळ्यावर ठेवणारी मोठी फुंकणी आमच्या विभागात.

माणसाच्या श्वासात वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडून शेकडो वायू असतात, अगदी नावापुरते. रक्तात जे चाललंय त्याचा थोडा अंश फुप्फुसातून बाहेर पडतच असतो. शरीराला साखर वापरता येईना झाली की ॲसिटोन वाढतं, किडनी थकली की अमोनिया वाढतो, यकृत बिघडलं की त्याचे वायू वेगळे. फुंकणी हा श्वास केसासारख्या बारीक आणि खूप लांब नळीतून सोडते. प्रत्येक वायू आपापल्या चालीने त्या नळीतून जातो, म्हणून ते एकामागून एक बाहेर पडतात, आणि बाहेर पडतील तसं यंत्र त्यांचं वजन करतं. पडद्यावर डोंगरांची एक रांग उमटते. कुठला डोंगर किती उंच, त्यावरून आजार कळतो, तोही माणसाला दुखायला लागायच्या आधी. शेवटी या सगळ्याचा एक आकडा निघतो, त्याला श्वसनांक म्हणतात. तीनच्या वर गेला की पुढच्या तपासण्या करायच्या.

आता यातली मेख. कुठल्याही यंत्राला शून्य म्हणजे काय ते आधी सांगावं लागतं. वाणी तेल देताना आधी रिकामी बरणी तराजूत ठेवतो आणि तिचं वजन वजा करतो, तसंच हे. आमच्यात त्याला ब्लँक म्हणतात. पुस्तक म्हणतं, ब्लँकसाठी सिलिंडरमधला शुद्ध नायट्रोजन वापरा. पण नायट्रोजन कोरडा आणि श्वास ओला, त्यामुळे आकडे हलतात. यावर आमच्या विभागप्रमुख धोटे मॅडमनी तोड काढली होती. ब्लँक म्हणून निरोगी माणसाचा श्वासच घ्यायचा, रोज त्याच माणसाचा. त्याच्या श्वासात जे आहे ते सगळ्यांच्या श्वासात असणारच. ते वजा करा, उरेल तो आजार.

तो माणूस आम्ही जसा निवडला, तसा आमच्या मुलखाबाहेर कुणी निवडला नसता. लसणातला एक गंधकाचा वायू दात घासून जात नाही. तो रक्तातून फिरतो आणि दुसऱ्या दिवशीही श्वासातून येत राहतो. म्हणून विभागात लसूण न खाणारं माणूस शोधायला निघालो, तर चेलना सापडली. कांदा नाही, लसूण नाही, चहा नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही, सेंटचं तर नावच नको. मॅडम म्हणाल्या, याहून स्वच्छ माणूस आणायचा कुठून? सगळ्यांना पटलं. स्वच्छ म्हणजेच निरोगी, असं त्या दिवशी अख्ख्या विभागाने धरून टाकलं. तिचं रक्त तपासलं, ते ठणठणीत निघालं, आणि तिसऱ्या वर्षापासून चेलना राज्याचं शून्य झाली.

यंत्राच्या खोलीचे दोन नियम होते. यंत्र चालू असताना खिडक्या बंद आणि एक्झॉस्ट फॅनही बंद. फॅनच्या झोताने ग्राफची खालची रेष थरथरते, आणि थरथरती रेष मॅडमना बिलकूल चालत नसे. नळ्या मात्र आम्ही तिथेच धुवायचो, एका क्लोरीनवाल्या द्रावकाने, कारण तो चटकन उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. त्याचा गोडसर वास खोलीत कायम असायचा. नव्या मुलांचं डोकं पहिले काही दिवस दुखायचं, नंतर थांबायचं. सवय झाली असं म्हणायचो.

फुंकणीचा बोलबाला झाला तो उगाच नाही. धोटे मॅडमच्या वडिलांची किडनी तिनेच वेळेत पकडली, आणि म्हातारबाबा अजून सकाळी मैदानाला फेऱ्या मारतात. अशी घरं गावोगाव होती. मग लोक लग्न जमवताना पत्रिकेबरोबर श्वासपत्रिका मागायला लागले. माझ्या मावसबहिणीचं ठरलेलं स्थळ अंक जरा वर आला म्हणून मोडलं. पुढे कळलं की तिने आदल्या दिवशी मुळ्याची भाजी खाल्ली होती, पण मोडलं ते मोडलंच. आणि मग स्कॅनचा नियम आला. मशीन थोडी, माणसं फार, म्हणून श्वसनांक तीनच्या वर असेल त्यालाच स्कॅन. विम्यापायी खाजगी दवाखानेही तेच धरून बसले. सवलत एकच होती. फुंकणी बंद असेल त्या दिवशी डॉक्टर आपल्या सहीने स्कॅनला पाठवू शकत होते. ती कुणी कधी वापरली नव्हती, कारण फुंकणी कधी बंद पडली नव्हती. चेलना दिवाळीला घरी जातानासुद्धा पिशव्या भरून ठेवून जायची.

शेवटच्या वर्षाच्या जानेवारीत चेलनाचे तळहात खाजायला लागले.

तळहात खाजला की पैसा येतो म्हणतात. हिचे दोन्ही खाजतात म्हणजे फेलोशिप नक्की, असं मी मेसभर सांगत फिरले. धोटे मॅडमनीही हसून आपले तळवे पुढे केले. आमचेही खाजतात, म्हणाल्या, या विभागात सगळेच श्रीमंत होणार दिसतात. थंडीत आमच्या सगळ्यांचेच हात कोरडे पडायचे. कुणी मनावर घेतलं नाही.

मग तिला उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधीच मोजकं जेवणारी, आता तेही ताटात राहायला लागलं. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं, तेव्हा मी तिला ओढत मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याने पोट दाबून पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि तिला फुंकणीवर पाठवलं. अंक आला शून्य. असं निखळ शून्य मी कधी पाहिलं नाही, असं तो कौतुकाने म्हणाला.

मी त्याला समजावून सांगितलं. ही मुलगी स्वतःच शून्य आहे. हिच्यातून हीच वजा केली तर शून्याशिवाय काय उरणार? हिला या यंत्रावर मोजताच येत नाही. तो ऐकत होता, पण डोळे पडद्यावर होते. नोंदणी झालेल्या यंत्राचा आकडा आहे, त्याच्यापुढे मला जाता येत नाही, असं तो म्हणाला, आणि परीक्षेचा ताण असं लिहून आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या.

परत येताना रिक्षात चेलनाने गोळ्यांची चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाली, "माह्यात काही असतं तं यंत्रानं सांगतलं नसतं काय वं?"

"ज्या मापाने साऱ्यांले मोजलं, ते माप आपण कशानं मोजलं, चेलना?"

ती फक्त तळहात ओढणीवर घासत राहिली. तेव्हापासून माझ्यापुढे एकच काम होतं. चेलनाला कसंही करून त्या स्कॅनच्या खोलीत पोचवायचं.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी मला सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर, म्हणजे डोंगरांच्या मानाने रेषेची थरथर किती, ते काढायचं होतं. त्यासाठी ग्राफ न छाटलेला लागतो. एरवी आम्ही छाटलेलाच बघायचो. वजाबाकी करताना कुठे उणे आकडा आला तर सॉफ्टवेअर तिथे शून्य ठेवतं. श्वासात उणे वायू असू शकत नाही, तेव्हा ती यंत्राची चूक समजून पुढे जायचं, असं आम्हाला दुसऱ्या वर्षापासून शिकवलेलं.

न छाटलेल्या ग्राफमध्ये मला एक खड्डा दिसला. एका जागी रेष सरळ खाली गेलेली आणि पुन्हा वर आलेली. मी दुसऱ्या माणसाचा ग्राफ काढला, तिथेही खड्डा. तिसऱ्याचा, दहाव्याचा, वेगळ्या जिल्ह्यातला, सगळीकडे त्याच जागी. खड्ड्याचा अर्थ सरळ होता. लोकांच्या श्वासात जे नाही, असं काहीतरी आम्ही रोज त्यांच्यातून वजा करत होतो. बरणीच्या तळाशी काहीतरी चिकटलेलं होतं आणि आम्ही ते बरणीच्या वजनात धरून चाललो होतो.

मी जुने ग्राफ काढून तारखेप्रमाणे लावले. चेलना शून्य झाली त्या वर्षी तिथे खड्डा नव्हता. पुढच्या वर्षी जराशी खळगी होती. या जानेवारीत तिची विहीर झाली होती. चेलनाच्या श्वासात काहीतरी वाढत गेलं होतं, आणि त्याचा फोटो ती सोडून राज्यातल्या प्रत्येक माणसाच्या ग्राफमध्ये होता.

आणखी एक गोष्ट लक्षात यायला मला दोन दिवस लागले. चेलनाला जे झालंय तेच आणखी कुणाला झालं असेल, तर त्याच्या ग्राफमध्ये खड्डा नसेल. त्याच्यात आणि तिच्यात फरक उरणार नाही, रेष सपाट येईल, अंक शून्य येईल आणि डॉक्टर त्याचं अभिनंदन करून त्याला घरी पाठवतील. मी असे सपाट ग्राफ शोधले आणि ते सापडले. वणीकडच्या एक अंगणवाडीच्या बाई होत्या, एक रिटायर्ड कंडक्टर होते. आणखी होते. शेरा सगळ्यांना सारखाच, उत्तम. मी पुढे बघितलं नाही, बघवलंच नाही.

रविवारी विभाग रिकामा असताना मी चेलनाचा श्वास पिशवीत घेतला आणि नायट्रोजनचा ब्लँक लावून मोजला. खड्ड्याच्या जागी डोंगर उभा राहिला, आजूबाजूच्या सगळ्यांना झाकून टाकणारा. चेलना माझ्या खांद्यावरून बघत होती. हे यकृताचं असतं नं, तिने हळूच विचारलं. तिचाही अभ्यास माझ्याइतकाच होता, खोटं सांगायची सोय नव्हती.

सोमवारी मी तो ग्राफ मॅडमच्या टेबलावर ठेवला. धोटे मॅडम वाईट बाई नाहीत, हे इथेच सांगून टाकते. माझी फी अडली तेव्हा त्यांनी खटपट केली होती, आणि त्या चेलनाला मुलीसारखं मानायच्या. त्यांनी चष्मा पुसून ग्राफ नीट पाहिला.

"मॅडम, हा डोंगर यकृताचा आहे."

"हा डोंगर नायट्रोजनचा आहे," त्या म्हणाल्या. "कोरड्या ब्लँकवर ओला श्वास मोजलास तर वाट्टेल ते उगवेल. एक्स्टर्नल परीक्षकासमोर ठेवशील हे?"

मी खड्ड्यांची चळत पुढे केली. ती त्यांनी अर्धीच चाळली आणि मग बराच वेळ तळहात अंगठ्याने चोळत बसल्या. चाळीस लाख माणसांचे श्वास या शून्यावर मोजलेत, त्या म्हणाल्या. शून्य खोटं असं मी आज म्हटलं तर उद्या सकाळी एकही फुंकणी उघडणार नाही, आणि उद्या ज्याची किडनी सापडायची आहे तो माणूस तसाच घरी जाईल. माझे वडील असा एक दिवस चुकले असते तर? परीक्षा झाल्या की समिती नेमू, शास्त्रीय पद्धतीने बघू.

समिती नेमेपर्यंत चेलना राहील का, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं, पण रागाने नाही.

मार्चमध्ये चेलनाच्या डोळ्यांत पिवळेपणा आला आणि तिचे अण्णा येऊन तिला घेऊन गेले. दर सोमवारी ते तिला ओपीडीत आणून बसवायचे, आणि दर सोमवारी तिचा अंक शून्य यायचा. अण्णांचं कारंज्यात कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाशी कधी चढ्या आवाजात न बोललेला माणूस. त्यांनी मला फोनवर विचारलं, "पोरी, थे यंत्र तुमीच बनवलं नं? मंग थे तुमचं काऊन आयकत नाई?"



चेलनाने भरून ठेवलेल्या पिशव्या त्या आठवड्यापुरत्याच उरल्या. राज्याला नवं शून्य हवं होतं. मॅडमनी ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. साठवलेल्या चाळीस लाख श्वासांमधून, खाण्यापिण्याचे वायू वगळून, चेलनाच्या श्वासाशी सगळ्यात जास्त जुळणारा श्वास शोधायचा. म्हणजे शून्य हलणार नाही आणि कुणाला काही कळणार नाही. तो शोध एक रात्र चालला. गुरुवारी सकाळी मी विभागात आले तर मॅडमच्या टेबलावर पेढे होते आणि पडद्यावर माझं नाव होतं. रेवती तायडे, तफावत शून्य.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लसणाशिवाय घास न गिळणारी मी, चहाशिवाय डोळे न उघडणारी, आणि नशीब बघा, असं म्हणून कुणी तरी पेढा माझ्या तोंडात कोंबला. 

मी हजारभर लोकांचे ग्राफ पाहिले होते. स्वतःचा काढून बघायचं सुचलं नव्हतं. यंत्रावर बसणारा माणूस स्वतःला नमुना समजत नाही. त्या दिवशी दुपारी मी माझा न छाटलेला ग्राफ काढला. जिथे सगळ्यांच्या रेषेत खड्डा होता तिथे माझी रेष सपाट होती, इस्त्री केल्यासारखी.

मला भीती वाटली. मोठमोठं काही मनात आलं नाही, फक्त आईची आठवण झाली. मग मी हात उलटे करून तळवे पाहिले. ते कधीपासून खाजत होते हे मला आठवेना.

मॅडमना मी हेही सांगून पाहिलं. चेलनाशी इतकं जुळणं याचा अर्थ काय होतो, ते बोलून दाखवलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तू घाबरली आहेस, म्हणाल्या, निरोगी माणसं एकमेकांसारखीच असतात. सोमवारी सकाळी आठ वाजता शून्य द्यायचं, तोवर लसूण-कांदा बंद, चहा बंद. मी बरं म्हटलं.

रविवारी संध्याकाळी मी चेलनाला फोन केला. उद्या अण्णांना सांगून लवकर जा, त्याच डॉक्टरच्या दारात पहिला नंबर लाव, असं सांगितलं. आणि फुंकणी सुरू झाली नाही तर डॉक्टरांना सवलतीच्या नियमाची आठवण करून दे. 

"रेवती, तू काय करणार हायेस?"

"नाश्ता," मी म्हटलं.

सोमवारी मेसमध्ये ज्वारीची भाकर आणि लसणाचा ठेचा होता. मी दोन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन आणखी कच्च्या पाकळ्या मागितल्या. मेसची मावशी म्हणाली, पोट बिघडन तुह्यं. मी त्या एकेक करून चावल्या. डोळ्यांत पाणी आलं, त्याला लसूण कारण होता असं मी तिला सांगितलं.

यंत्राच्या खोलीत मॅडम एकट्याच होत्या. खिडक्या बंद, फॅन बंद, तोच गोडसर वास. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि मी तिच्यात फुंकर घातली. दोन हात लांबून त्यांना वास आला असणार, कारण त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. पण पिशवी तोवर यंत्राला लागली होती. रांग उमटायला लागली, आणि गंधकाच्या जागी असा डोंगर उठला की बाकीचे त्याच्या पायथ्याशी दिसेनासे झाले. पडद्यावर लाल अक्षरं आली. ब्लँक अमान्य. राज्यातली सर्व केंद्रं थांबवली आहेत.

"लसूण खाल्लास तू?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आज फुंकणी बंद राहायला हवी होती, मॅडम. चेलना ओपीडीत बसली आहे."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि कपाळाला हात लावला. टेबलावरचा त्यांचा फोन वाजायला लागला, मग विभागाचाही वाजायला लागला. तालुक्यातालुक्यातून विचारणा होणार होती, आणि त्या रांगांमध्ये खरंच कुणीतरी असं असेल ज्याचा आज दिवस चुकायला नको होता. ते मला ठाऊक होतं आणि ते माझ्या डोक्यावर राहणार आहे.

तेवढ्यात पडदा बदलला. पहिलं नाव बाद झाल्यावर पुढची नावं आपोआप येतील, अशी सोय मॅडमनीच करून ठेवली होती. सात नावं एकाखाली एक उमटली, चेलनाशी सगळ्यात जुळणारी. पहिल्यावर काट होती, ते माझं. तिसरं आमच्या वर्गातल्या नितेश बोरकरचं. चौथं मागच्या वर्षी पास होऊन नाशिकला नोकरीला गेलेल्या मुलीचं. पाचवं, सहावं, सातवं, सगळी ओळखीची. राज्यातल्या चाळीस लाख श्वासांमधून यंत्राने निवडलेली सातही माणसं याच एका खोलीत नळ्या धुतलेली होती.

दुसरं नाव होतं, डॉ. मंदाकिनी धोटे.

मॅडमनी ते वाचलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं. फोन वाजतच होते. करायचं अगदी थोडं होतं. नवी पिशवी घ्यायची, तिच्यात फुंकर घालायची, की सगळ्या फुंकण्या सुरू होणार आणि शून्य जागच्या जागी राहणार. त्यांनी कपाटातून पिशवी काढलीसुद्धा. तोंडापर्यंत नेली.

माझा मोबाइल थरथरला. चेलनाचा मेसेज होता. डॉक्टरांनी सही केली, आत घेऊन चाललेत. मी तो मॅडमना वाचून दाखवला. 

त्यांनी पिशवी खाली घेतली.

"चेलनाला आधी काय व्हायला लागलं होतं?" त्यांनी विचारलं. "अगदी आधी, दुखायला लागायच्याही आधी."

त्यांना ते माहीत होतं. त्या जानेवारीत त्याच तर हसल्या होत्या. पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या, तेव्हा मला बोलावंच लागलं.

"तळहात खाजायचे, मॅडम."

 पिशवी टेबलावर ठेवून त्या भिंतीपाशी गेल्या आणि एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबलं. इतकी वर्षं न फिरलेला पंखा आधी कुरकुरला, अडखळला आणि मग फिरायला लागला. पडद्यावरची खालची रेष थरथरायला लागली, आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत, तळहात खाजवत उभ्या राहिलो.